मास्तरांच्या पुस्तकाचे तीनशे साठ हिस्से

(हे एका कुटुंबाच्या कॉपीराइटच्या वाटणीचं प्रकरण. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत. गाव, पुस्तकाचा तपशील आणि रकमा बदलल्या आहेत.)

पार्श्वभूमी

जून २०१९. शाळा सुरू व्हायला चार दिवस होते. उत्तर रत्नागिरीतल्या एका तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडसमोरच्या दुकानात एक शिक्षिका मुलीच्या वह्या घ्यायला गेल्या. काउंटरवर त्यांच्या वडिलांच्या मराठी व्याकरणाच्या गाइडची नवी आवृत्ती रचून ठेवली होती. शिष्यवृत्तीला बसणाऱ्या पोरांच्या हातात दरवर्षी दिसणारं पुस्तक. त्यांनी एक प्रत उचलली. मुखपृष्ठावर वडिलांचं नाव, त्याखाली जवळपास तेवढ्याच टायपात ‘सुधारित आवृत्ती’ आणि थोरल्या भावाचं नाव. आतल्या पानावर ‘सर्व हक्क’ याच्यापुढेही भाऊच. वाक्प्रचारांचं प्रकरण उघडलं. ते बाईंनी स्वतः मधल्या सुट्टीत बसून, जुन्या हजेरीपटाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिलं होतं. एका वाक्यात त्यांनी आपल्या शाळेतल्या शिपायाचं नाव गंमत म्हणून घातलं होतं, तेसुद्धा तसंच छापलं होतं. त्यांनी पैसे मोजून प्रत घेतली आणि त्याच पिशवीतून माझ्या वकिलीच्या ऑफिसात आणली.

कुटुंब कोकणी मुसलमानांचं. वडील म्हणजे गावाचे मास्तर. आयुष्यभर मराठी शिकवलं, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, ऑक्टोबर २०१८ मध्ये वारले. मागे त्यांची ब्याण्णव वर्षांची आई, पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. शिवाय एक भाऊ आणि एक बहीण. घरात मुलीला सगळे आपा म्हणतात. पुढे मीही तेच म्हणतो.

घर, आंब्याची कलमं, बँकेतल्या ठेवी यांची वाटणी जमातीच्या चार जाणत्या माणसांनी दोन बैठकांत लावून दिली. लिखाणाचा विषय त्या बैठकांत निघालाच नाही. कपाटातल्या वह्या म्हणजे रद्दी नाही तर आठवण. मिळकत म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. खरं तर मागे तीन गोष्टी राहिल्या होत्या. एक, हे गाइड. दोन, कोकणी मुसलमानांच्या बोलीच्या शब्दकोशाचं अप्रकाशित हस्तलिखित, नऊ लाँगबुकं भरून. तीन, गाइडच्या मालिकेचं नाव, जे दुकानदार मास्तरांच्या नावाआधी घेत.

प्रकाशकाशी करार २००९ सालचा, एका पानाचा. त्यात मुदतच लिहिलेली नव्हती. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ अशा वेळी पाच वर्षांची मुदत धरतं. म्हणजे २०१४ नंतर प्रकाशक विश्वासावर पुस्तक छापत होता आणि विश्वासावरच रॉयल्टी देत होता. त्या वेळी कोणाचं काही अडलं नाही. पण याचा अर्थ असा की मास्तर वारले तेव्हा गाइडचे हक्क सगळेच्या सगळे त्यांच्याकडे परत आलेले होते, आणि ते तसेच तरक्यात, म्हणजे मागे राहिलेल्या मिळकतीत, जमा झाले.

अडचण

मास्तर गेल्यावर दोन-अडीच महिन्यांनी प्रकाशकाने थोरल्या मुलाला फोन केला. नवी आवृत्ती काढायची आहे, कोणीतरी सही करा. थोरल्याचं हार्डवेअरचं दुकान. अब्बांच्या आजारपणातली सगळी धावपळ त्यानेच केली होती. त्याने ‘एकमेव वारस व मालक’ अशा शब्दांखाली पाच वर्षांच्या करारावर सही केली आणि ४०,००० रुपये आगाऊ घेतले. त्याच्याकडून लबाडी झाली असं मला तेव्हाही वाटलं नाही. कागद प्रकाशकाच्या ऑफिसात तयार झाला होता आणि थोरल्याने तो दुकानाच्या गल्ल्यावर ठेवून, गिऱ्हाईक करता करता वाचला होता. चूक मात्र मोठी होती.

धाकटा दोहाला नोकरीला. त्याचं म्हणणं तिसरंच. खोलीतल्या साथीदाराने त्याला एका जुन्या आलिमांचा, म्हणजे धर्मपंडितांचा, फतवा पाठवला होता. हक्क-ए-तसनीफ म्हणजे लेखकाचा हक्क हा माल नव्हे, तो विकता येत नाही, इल्म, म्हणजे ज्ञान, अडवून ठेवणं गुनाह. तेव्हा पुस्तकाची पीडीएफ सगळ्यांना फुकट द्यावी, वाटणीचा प्रश्नच उरत नाही.

आपाचं म्हणणं दोन भागांत होतं आणि ते दोन भाग सुटे करायला आम्हाला महिना लागला. वारस म्हणून माझा हिस्सा कुठे आहे, हा एक. आणि वाक्प्रचारांचं व आणखी एक, अशी दोन प्रकरणं माझी आहेत, तिथे वारशाचा संबंधच काय, हा दुसरा.

शिवाय नवव्या लाँगबुकाच्या शेवटच्या पानावर मास्तरांच्या अक्षरात दोन ओळी होत्या. हे काम पुरं करणं माझ्या लेकीलाच जमेल. माझ्यामागे वह्या तिच्या.

आधी सोडवावे लागलेले प्रश्न

कॉपीराइट कायदा १९५७ हक्क काय आहे आणि किती वर्षं टिकतो एवढं सांगतो. लेखकाच्या मृत्यूनंतरचं कॅलेंडर वर्ष सुरू होतं तिथून साठ वर्षं. मास्तरांच्या बाबतीत ३१ डिसेंबर २०७८ पर्यंत. (आधी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा, १९९२ साली, ती साठ झाली.) पण वारस कोण हे हा कायदा ठरवत नाही. ते १९३७ च्या शरियत कायद्यामुळे मुस्लिम वारसा कायद्यावर येतं. हा सांधा पक्षकाराच्या लक्षात आणून द्यावा लागतो. नाहीतर एकजण शरियत बोलत राहतो आणि दुसरा कलमं.

धाकट्याचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता. फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, हा वाद खराखुरा झालेला आहे. हनफी पंथाच्या जुन्या ग्रंथांत माल म्हणजे हातात धरता येईल, साठवता येईल अशी वस्तू. नुसता उपयोग, ज्याला मनफअत म्हणतात, तो आपोआप माल ठरत नाही. म्हणून भारतीय उपखंडातल्या काही मोठ्या आलिमांनी लेखनहक्काची विक्री नाकारली होती. पाकिस्तानचे मुफ्ती मुहम्मद शफी त्यांतले एक, आणि त्यांचेच पुत्र मुफ्ती तकी उस्मानी यांनी पुढे उलट मत मांडलं. मालिकी पंथाचे अल-कराफी यांनी तर शतकांपूर्वी एक रेघ ओढून ठेवली आहे : मालाशी जोडलेले हक्क वारसांकडे जातात, माणसाच्या बुद्धीशी आणि मताशी जोडलेले जात नाहीत. लेखनहक्क वारशात नाही असं म्हणणारे याच रेघेचा आधार घेतात.

मी याबाबतीत वकिली करणं शहाणपणाचं नव्हतं. आपा आणि थोरला दोघेही जमातीच्या मुफ्तीसाहेबांकडे गेले, मी मागे बसलो. त्यांनी धाकट्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि पहिला प्रश्न केला, “बेटा, तू नमाज कोणत्या मसलकाने पढतोस?” कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. शाफई मतात मनफअत हा मालच आहे. म्हणजे हनफी चौकटीतला फतवा या घराला लावायचं कारणच नव्हतं. पुढे त्यांनी आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीचा डिसेंबर १९८८ चा, कुवेतच्या बैठकीतला ४३ क्रमांकाचा ठराव सांगितला. व्यापारी नाव, ट्रेडमार्क, लेखन, शोध या हक्कांना आजच्या व्यवहारात किंमत आहे, ते शरियतीने संरक्षित आहेत, त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. आणि हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, तर सगळ्यांच्या तोंडपाठ : जो माल मागे ठेवील, तो त्याच्या वारसांचा. इल्म लपवणं निराळं आणि छापलेल्या पुस्तकाची किंमत घेणं निराळं, हेही त्यांनी दोन वाक्यांत संपवलं. अल-कराफींची रेघ मात्र त्यांनी ठेवली. मास्तरांचं लेखकपण कोणाकडे जात नाही. त्यांच्या नावाच्या तोडीस तोड दुसऱ्याचं नाव छापणं हे त्या न जाणाऱ्या भागाला हात लावणं आहे. आमच्या कायद्याचं कलम ५७ जवळजवळ हेच सांगतं. श्रेयाचा हक्क लेखकाचा, वारस फक्त त्याची राखण करू शकतात.

आता हिस्से. सूरह निसाच्या ११ आणि १२ व्या आयतींप्रमाणे, मुलं असताना पत्नीला एक अष्टमांश, आईला एक षष्ठांश, उरलेलं मुलगा-मुलगी दोनास एक. एकशे वीस भाग केले तर अम्मींना १५, दादींना २०, प्रत्येक मुलाला ३४, आपाला १७.

यापूर्वी दोन हिशेब. प्रकाशकाकडे मृत्यूपूर्वीची रॉयल्टी थकली होती ती तरक्यात जमा, आणि अम्मींचा मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने कबूल केलेली रक्कम, हे तरक्यावरचं कर्ज. मेहर ११०० रुपये, १९७४ सालचा. थोरला म्हणाला, “अम्मीने मय्यतीपाशीच माफ केला.” तशी रीत आहे खरी. जनाजा उचलताना बायकोला विचारतात आणि ती हुंदक्यातच मान हलवते. अशी माफी न्यायालयं सहजी मानत नाहीत. अम्मींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मला कोणी विचारलेलं आठवत नाही. पण अकराशे रुपयांत आता काय येतंय?” ते त्यांना आधी दिले गेले. रकमेपेक्षा क्रम महत्त्वाचा होता.

दुसरा मृत्यू

जुलैच्या शेवटी मी त्यांच्या घरी गेलो होतो. दादी पडवीत बसून कुळीथ निवडत होत्या. माझ्या पिशवीत दोन कागद होते. मास्तरांच्या त्या दोन ओळी म्हणजे वसीयत (मृत्युपत्र) धरली तर ती वारसाच्याच नावाने आहे, आणि सुन्नी कायद्यात वारसाला केलेली वसीयत बाकीच्या वारसांनी मृत्यूनंतर मान्य केली तरच चालते, मग ती मिळकतीच्या एक तृतीयांशाच्या आत असो वा नसो. तेव्हा दादींची संमती हवी होती. दुसरा कागद त्यांच्या वीस भागांच्या व्यवस्थेचा. आपा मला बाजूला घेऊन म्हणाली, “वकीलसाहेब, आज नको. पोराचं नाव काढलं की तिचं जेवण तुटतं.” मी कागद पिशवीतच ठेवले.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दादी गेल्या.

मुस्लिम कायद्यात वारसाचा हिस्सा मृत्यूच्या क्षणी त्याचा होतो, वाटणी झालेली असो वा नसो. एकत्र कुटुंब, कर्ता, असलं काही नाही. दादींचे वीस भाग मास्तर गेले त्या दिवशीच त्यांचे झाले होते. आता ते दादींच्या वारसांकडे निघाले. आणि दादींचे वारस नातवंडं नव्हेत. एक मुलगा हयात असताना, आधी गेलेल्या मुलाच्या मुलांना काही मिळत नाही. भारतातल्या मुस्लिम कायद्यात बापाच्या जागी नातवाला उभं करण्याची सोय नाही. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशात ती आणली. म्हणून ते वीस भाग मास्तरांच्या भावाकडे आणि बहिणीकडे, चाचा आणि फुफीकडे, दोनास एक असे गेले. विसाचे तीन भाग पडत नाहीत, तेव्हा मूळ आकडा तिपटीने वाढवायचा. वाटणीआधीच वारस गेला की करायच्या या हिशेबाला मुनासखा म्हणतात. मुफ्तीसाहेबांनी तो कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने मांडला. एकूण ३६० : अम्मी ४५, मुलगे प्रत्येकी १०२, आपा ५१, चाचा ४०, फुफी २०.

जमीन असती तर एवढ्या वर्षांत मोजणी झाली असती, कुंपण पडलं असतं. गाइडला कुंपण घालता येत नाही. ते पुढची साठ वर्षं प्रत्येक मृत्यूबरोबर बारीक होत जाणार, आणि प्रत्येक नव्या करारावर सगळ्यांची सही लागणार. सहमालकाला एकट्याला परवाना देता येत नाही, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतलेली आहे. माझ्या मते या प्रकरणाचं खरं दुखणं हे आहे. कॉपीराइट माल आहे की नाही, यावर घरात जेवढा वेळ गेला त्याच्या निम्मा जरी ‘सही कोण करणार’ यावर गेला असता तर दादींच्या हयातीत सगळं उरकलं असतं.

विचारात घेतलेले पर्याय

दावा लावणं. थोरल्याचा करार फक्त त्याच्या हिश्शापुरता बांधील आहे असं जाहीर करून घ्यायचं आणि प्रकाशकाकडून हिशेब मागायचा. जिंकण्यासारखा दावा होता. पण गाइडचं आयुष्य अभ्यासक्रमाएवढं. निकाल लागेपर्यंत पुस्तक शिळं झालं असतं, आणि भावाबहिणीचं बोलणं त्याआधीच बंद.

प्रकाशकाला एकरकमी विकणं. नोटीस गेल्यावर प्रकाशकाने तीन लाखांची तयारी दाखवली. मी कबूल करतो की माझं मन याकडे झुकलं होतं. ३६० भागांचे तुकडे पैशांत बदलले की पुढच्या मृत्यूंची कटकट संपते. आपाने एकच प्रश्न विचारला, “मग अब्बांच्या पुस्तकात चूक छापली तर दुरुस्त कोण करणार?” कलम ५७ हे चुकीच्या सामान्यरूपासाठी नाही, हे मला तिला सांगावं लागलं.

वक्फ करणं. धाकट्याने सुचवलं, उर्दू आणि मराठी शाळांसाठी. तो फक्त स्वतःचे १०२ भागच देऊ शकत होता. शिवाय वक्फ कायम टिकणाऱ्या गोष्टीचा करायचा असतो आणि हा हक्क २०७८ ला संपणारा. मुफ्तीसाहेबांनी मान हलवली, पण होकाराची नव्हे. विषय तिथेच राहिला.

चौथा पर्याय सगळ्यांत कंटाळवाणा होता : मालकी सगळ्यांची, कारभार एकाचा, पैसे प्रकाशकाने थेट ज्याच्या त्याच्या खात्यात भरायचे.

काय केलं

कंटाळवाणा पर्याय घेतला. फेब्रुवारी २०२० मध्ये सगळे एकत्र आले. धाकटा रजेवर आला होता, चाचा मुंब्र्याहून, फुफी शेजारच्याच गावातून.

थोरल्याने सही केलेला करार सर्वांच्या संमतीने रद्द केला आणि नवा केला, मुदत फक्त दोन वर्षं. सह्या सहा, कारण कॉपीराइटचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं, आणि परवानाही लेखीच लागतो. धाकट्याने दोहाहून पाठवलेला ‘मंजूर’ असा निरोप मी आधी नाकारला होता. कारभाराचं मुखत्यारपत्र आपाच्या नावाने. थोरल्याने घेतलेले ४०,००० त्याच्या येणाऱ्या हिश्शातून वळते करायचे ठरले. मुखपृष्ठावरचं त्याचं नाव निघालं. हे त्याला पैशांपेक्षा जड गेलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग आपाच्या कष्टाचा मुद्दा. दोन प्रकरणं पूर्ण वेगळी काढता येण्यासारखी होती, तेव्हा त्यांचा कॉपीराइट तिचाच, तरक्यात तो कधी नव्हताच. दरवर्षीच्या दुरुस्तीची मजुरी म्हणून एकूण रॉयल्टीतले वीस टक्के आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्याचे ३६० भाग करायचे, असं मी मांडलं. थोरला उसळला. “शरियतीत बहिणीला निम्मं आणि इथे तिला आमच्याहून जास्त?” मुफ्तीसाहेब फोनवर होते. ते म्हणाले, “भाई, मजुरी तरक्यात मोजत नाहीत. तू दुरुस्ती कर, वीस टक्के तू घे.” खोलीत हशा झाला आणि मुद्दा मंजूर झाला.

आधीच्या वर्षाचा आकडा धरला तर हिशेब असा होता. १२० रुपयांचं पुस्तक, दहा टक्के रॉयल्टी, ११,२५० प्रती, म्हणजे १,३५,००० रुपये. त्यातून २७,००० मजुरी. उरले १,०८,०००, म्हणजे एका भागाला वर्षाला तीनशे रुपये. अम्मींना १३,५००. मुलांना ३०,६०० प्रत्येकी. आपाला १५,३००. चाचांना १२,०००, फुफीला ६,०००.

फुफीला दरसाल सहा हजारांची वाट बघायची नव्हती. तिला घराच्या कौलांसाठी पैसे एकदम हवे होते. शरियतीत यासाठी तखारुज आहे. वारस ठरलेला मोबदला घेऊन आपल्या हिश्शातून बाहेर पडतो. मुफ्तीसाहेबांची एकच अट, आकडा पक्का हवा, ‘विक्री होईल तसं’ नको. आपाने ४५,००० रुपये देऊन ते २० भाग घेतले. हस्तांतरणाच्या कागदात मुदत ‘कॉपीराइट संपेपर्यंत’ अशी स्पष्ट लिहिली, नाहीतर तेच पाच वर्षांचं कलम आपावर उलटलं असतं.

शब्दकोशाच्या वह्यांना सगळ्यांची संमती लागणार होती. कलम २० ची मदत अशी की अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने दिलं तर, उलट इरादा दिसत नसेल तर, त्यातला कॉपीराइटही त्याबरोबर जातो. त्यामुळे ‘वह्या तिच्या’ या दोन शब्दांत सगळं आलं. अम्मी आणि भाऊ लगेच हो म्हणाले. दादींच्या जागी आता चाचा आणि फुफी. फुफीने अंगठा दिला. चाचा अडले. बराच वेळ पहिली लाँगबुक चाळत बसले आणि मग म्हणाले, होडीचे आणि जाळ्याचे सगळे शब्द मी सांगितलेत, भाईंनी नुसते लिहून घेतलेत. त्यांना पैसे नको होते. प्रस्तावनेत नाव हवं होतं. ते कागदावर घेतलं, मग सही.

मालिकेच्या नावाची बाजू आम्हाला उशिरा कळली. प्रकाशकाने ते सोळाव्या वर्गात, म्हणजे छापील साहित्याच्या वर्गात, स्वतःच्या नावाने ट्रेडमार्कसाठी दाखल केलं होतं. ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत कितीही चालतो. पुस्तक २०७८ नंतर सगळ्यांचं होईल आणि नाव मात्र प्रकाशकाचंच राहील, असा प्रकार झाला असता. नव्या कराराची अट म्हणून त्याने अर्ज मागे घेतला.

थकलेल्या रॉयल्टीसाठी वारस दाखल्याचा घोळ थोडा सांगतो, कारण तो सगळीकडे होतो. तलाठ्याकडची वारस नोंद सातबाऱ्यापुरती. मृत्यूआधीची थकबाकी हे मृताचं येणं, म्हणजे कर्ज. त्यासाठी देणेकऱ्यावर हुकूमनामा हवा असेल तर दिवाणी न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं. इथे प्रकाशकाने सगळ्यांच्या एकत्र पावतीवर पैसे दिले, म्हणून ते टळलं.

निष्पत्ती

फेब्रुवारीत कागद झाले आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली. शाळा बंद, शिष्यवृत्ती परीक्षा लांबली, गाइड दुकानात पडून. पहिल्या वर्षी एका भागाला तीनशे सोडाच, शंभर रुपयेही पडले नाहीत. फुफीची कौलं बसली होती. त्या व्यवहारात आपाचं नुकसान झालं आणि तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. विक्री दोन वर्षांनी सावरली. मूळ आकड्यापर्यंत अजून आलेली नाही.

पैसे थेट खात्यात जातात, त्यामुळे थोरला आणि आपा यांच्यात हिशेबाचं बोलणंच उरलेलं नाही. ईदला जाणंयेणं सुरू आहे. धाकट्याने आपल्या हिश्शाचं पहिलं वर्ष शाळेला दिलं, आणि बाजारात न मिळणाऱ्या एका जुन्या पुस्तिकेची पीडीएफ सर्वांच्या लेखी परवानगीने वाटली. शब्दकोशाचं काम आठव्या वहीपर्यंत आलंय. चाचा दर आठवड्याला व्हॉइस मेसेज पाठवून शब्द दुरुस्त करतात.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्यापुरतं आधी. जुलैत पडवीत मी कागद बाहेर काढायला हवे होते. भावना दुखावतील म्हणून थांबलो आणि दोन नवे सहमालक तयार झाले. चाचा-फुफी समजूतदार निघाले हा आमचा नशिबाचा भाग. ब्याण्णव वर्षांची वारस असताना वकिलाने पहिल्या भेटीत वय विचारायचं आणि सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसापासून सह्यांना सुरुवात करायची.

जमातीच्या वाटणीच्या बैठकीत यादी होती घर, झाडं, ठेवी, दागिने. तिच्यात लिखाण, नकाशे, रेकॉर्डिंग, दुकानाचं नाव असा एक रकाना असता तर बाकी निम्मं टळलं असतं. आता त्या जमातीच्या यादीत तो आहे.

मास्तरांनी वह्या लेकीला द्यायच्याच होत्या, तर वसीयत नको होती. हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस, करायचा. हिब्याला एक तृतीयांशाची मर्यादा नाही, वारसांची संमती लागत नाही. ताबा मात्र द्यावा लागतो. कॉपीराइटचा ताबा म्हणजे सहीचा लेखी कागद, आणि वह्या कपाट बदलून तिच्या घरी. ज्यांना बायको-मुलांच्या पुढचा विचार नको वाटतो अशा लेखकांनाही हे जमतं. मी हल्ली सांगतोच.

गेल्या वर्षी आपा स्वतःच्या दोन प्रकरणांचं काय होईल हे विचारायला आली. आज तिला काही झालं तर, नवऱ्याला चौथाई, एकुलत्या मुलीला निम्मं, अम्मींना षष्ठांश. उरला एक बारावा भाग, तो भावांकडे असबा, म्हणजे उरलेलं घेणारे वारस, म्हणून. तिने आकडा दोनदा वाचला आणि हसायलाच लागली. “म्हणजे वाक्प्रचारांत भाईंचं नाव शेवटी येणारच!”

तिने मुलीच्या नावाने हिबा केला. मुलगी अजून सतरा वर्षांची, आणि मुस्लिम कायद्यात अज्ञानाच्या मिळकतीचा पालक बाप, म्हणून ताबा घेतल्याची सही नवऱ्याने केली. प्रकाशकाला पत्र गेलं. हजेरीपटाचे ते पाठकोरे कागद आता मुलीच्या कपाटात आहेत.